यादी सगळ्यांना दिसते, माणूस दिसत नाही

अमेरिकेत कोणाला अटक झाली, तर तो कुठे ठेवला आहे हे एखाद्या सरकारी यादीत चटकन पाहता येत असेल, अशी इकडे बहुतेकांची समजूत असते. यादी आहे, आणि ती बहुतेक ठिकाणी कोणालाही पाहता येते. फक्त ती एक नाही. अमेरिकेत तीन हजारांहून अधिक काउंट्या आहेत, जवळजवळ तितकेच स्थानिक तुरुंग आहेत, आणि बहुतेक ठिकाणी तुरुंगाचा कारभार त्या काउंटीतल्या मतदारांनी निवडून दिलेल्या शेरीफकडे असतो. त्याच्यावर केंद्राचा किंवा राज्याचा असा कोणी वरिष्ठ नाही, जो म्हणेल की सगळ्यांनी एकाच नमुन्यात नावे भरा. एका काउंटीची यादी पंधरा मिनिटांनी ताजी होते, दुसरीची रोज सकाळी एकदा, आणि तिसरीकडे यादीच नसते. तिथे फोन करायचा आणि उचलणाऱ्या शेरीफच्या शिपायाच्या, म्हणजे डेप्युटीच्या, मर्जीवर राहायचे.

आधी जेल आणि प्रिझन यांतला फरक लक्षात घेतला पाहिजे. मराठीत दोन्हीला आपण तुरुंगच म्हणतो, अमेरिकेत ती दोन वेगळी खाती आहेत. शिक्षा झालेला, सहसा वर्षाहून अधिक मुदतीचा कैदी राज्याच्या किंवा केंद्राच्या कारागृहात जातो. काउंटीच्या तुरुंगात असतात ते मुख्यतः कच्चे कैदी आणि छोट्या शिक्षांचे लोक. जून २०२३ च्या अखेरीस अशा स्थानिक तुरुंगांत सुमारे ६ लाख ६४ हजार माणसे होती, त्यांतल्या दर दहांपैकी सातांवर गुन्हा शाबीत झालेला नव्हता. पण खरा आकडा दुसराच आहे. त्या एका वर्षात या तुरुंगांच्या दारातून आत जाण्याचे प्रसंग झाले सुमारे ७६ लाख. कोणी चार तास राहतो, कोणी चार महिने. राज्याच्या कारागृहाची यादी सावकाश बदलते. काउंटीची यादी सतत हलत असते, आणि शोधणारा नेमका त्या हलत्या यादीत डोकावत असतो.

त्यातही अपवाद आहेत. कनेक्टिकट, ऱ्होड आयलंड, डेलावेअर, व्हर्माँट आणि हवाई या राज्यांत काउंटीचा तुरुंग हा प्रकारच नाही, सगळे राज्याकडे. अलास्कातही जवळपास तसेच. लुइझियानात काउंटीला पॅरिश म्हणतात. न्यूयॉर्क शहरात पाच काउंट्या आहेत, पण तुरुंग शहराच्या खात्याचे, रायकर्स बेटासकट. आधी माणूस कुठल्या काउंटीच्या हद्दीत पकडला गेला ते समजायला हवे, आणि महामार्गावर पकडलेल्याच्या मित्रालाही ते पुष्कळदा सांगता येत नाही. शहराचे नाव सगळ्यांना ठाऊक असते, काउंटीचे नसते. ह्यूस्टन म्हणजे बहुतांश हॅरिस काउंटी, शिकागो म्हणजे कुक, डॅलस शहर मात्र एकाहून अधिक काउंट्यांत पसरलेले.

अटक आणि यादीत नाव येणे यांच्यामध्ये एक पोकळी असते. पोलिसांनी गाडीत बसवले म्हणजे माणूस तुरुंगात पोचला असे नाही. शहराच्या पोलिसांची स्वतःची छोटी कोठडी असू शकते, तिथून पुढे काउंटीत रवानगी. मग बुकिंग: नाव, जन्मतारीख, बोटांचे ठसे, फोटो, खिशातल्या वस्तूंची नोंद, नर्सचे प्रश्न, कुठल्या बराकीत ठेवायचे त्याचा निर्णय. हे सगळे उरकून बुकिंग नंबर पडला की मगच नाव यादीत चढते. निवांत मंगळवारी दुपारी हे दोन तासांत होईल. शनिवारी रात्री मोठ्या शहरात अख्खी रात्र जाईल. घरच्यांनी शोधून पाहिले, नाव नाही, आणि ते हॉस्पिटले पालथी घालू लागले, असे या पोकळीतच होते. ज्याला दारूच्या नशेत आणले आहे किंवा वाटेत दुखापत झाली म्हणून आधी इमर्जन्सीत नेले आहे, त्याचे बुकिंग आणखी लांबते, आणि हॉस्पिटल रुग्णाच्या गुप्ततेच्या कायद्याकडे बोट दाखवते.

भारतातून पाहणाऱ्याचा इथे एक गैरसमज होतो. आपल्याकडे अटक झालेल्याच्या नातेवाइकाला किंवा मित्राला कळवणे हे पोलिसांचे काम आहे. सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात १९९६ साली ते घालून दिले, पुढे फौजदारी प्रक्रिया संहितेत आले, आता नागरिक सुरक्षा संहितेत आहे. ते किती पाळले जाते हा भाग वेगळा. पण कोणीतरी फोन करील ही अपेक्षा आपल्या डोक्यात बसलेली आहे. अमेरिकेत पोलिसांवर असा सरसकट बोजा नाही. कळवायचे असेल तर अटक झालेल्याने स्वतः कळवायचे. सिनेमातला तो एक फोन प्रत्यक्षात राज्याराज्यांच्या कायद्यांवर अवलंबून आहे. कॅलिफोर्नियात अटकेपासून तीन तासांच्या आत, अगदी अशक्य नसेल तर, तीन फोन लागून बोलणे झाले पाहिजे असा कायदा आहे. इतरत्र तो हक्क मोघम आहे. आणि हक्क असला तरी नंबर पाठ असायला हवा. मोबाइल जमा झालेला, बायकोचा नंबर त्या मोबाइलमध्ये, आईचा नंबर भारतातला, आणि तुरुंगातल्या फोनवरून परदेशी नंबर लागण्याची शक्यता फार थोडी.

ही पोकळी मुद्दाम ताणता येते. २०१५ साली गार्डियन या वृत्तपत्राने शिकागोच्या होमन स्क्वेअर या पोलिसी आवाराबद्दल बातम्या छापल्या. जुन्या गोदामवजा इमारतीत लोकांना आणून चौकशी केली जाई आणि त्या काळात सार्वजनिक नोंदीत त्यांचा मागमूस नसे. वकील ठाण्याठाण्यांत फोन करत आणि अशिलाचे नाव कुठेच सापडत नसे. पोलिसांनी आरोप नाकारले. पुढे न्यायालयीन लढाईतून बाहेर आलेल्या कागदांवरून त्याच वृत्तपत्राने दाखवले की दहाएक वर्षांत तिथे सात हजारांहून अधिक माणसे ठेवली गेली होती. वॉरंटशिवाय पकडलेल्याला सर्वसाधारणपणे ४८ तासांच्या आत न्यायाधीशाच्या नजरेखालून काढले पाहिजे असे अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली रिव्हरसाइड काउंटीच्या खटल्यात सांगितले आहे. त्या ४८ तासांत माणूस कागदावर कुठेच नसेल, तर त्याला न्यायालयापुढे हजर करा असा हेबियस कॉर्पसचा अर्ज कोणाविरुद्ध करायचा? कैद्यांची नोंदवही उघडी ठेवण्यामागचा मूळ हेतू हा आहे. सरकारने माणूस गुपचूप उचलून नेऊ नये म्हणून ती वही. माझ्या मते या सगळ्या विषयात हेच सूत्र धरून चालावे, कारण आज तीच वही दुसऱ्याच कामाला लागलेली दिसते.

समजा बुकिंग झाले, नाव चढले. तरी ते सापडेल का? मराठी नावांची इथे फार गंमत होते, अर्थात ज्याच्यावर वेळ आली आहे त्याला ती गंमत वाटत नाही. भारतीय पासपोर्टवर 'दिलेले नाव' या रकान्यात स्वतःचे आणि वडिलांचे अशी दोन्ही नावे असतात. अमेरिकी डेप्युटी कधी ती जोडून पहिले नाव करतो, कधी वडिलांचे नाव मधले, कधी घाईत तेच आडनाव. ज्याच्या पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा आहे किंवा सगळे नाव आडनावात गेले आहे, त्याच्या अमेरिकी व्हिसावर पहिल्या नावाच्या जागी एफएनयू अशी तीन अक्षरे येतात, म्हणजे पहिले नाव अज्ञात. मग तो मनुष्य सगळीकडे 'एफएनयू' याच नावाने नोंदला जातो, आणि घरचे त्याला त्याच्या खऱ्या नावाने शोधत बसतात. लग्नानंतर घरी आडनाव बदलले पण पासपोर्ट माहेरच्या नावाचा, हा आणखी एक नेहमीचा घोळ.

स्पेलिंगवर उपाय म्हणून काही शोधयंत्रणा उच्चारावरून जुळवणी करतात. त्यातली सर्वांत जुनी साउंडेक्स, तिचे पेटंट १९१८ चे. नावाचे पहिले रोमन अक्षर तसेच ठेवायचे, पुढच्या व्यंजनांना आकडे द्यायचे, स्वर आणि 'एच' सारखी अक्षरे सोडून द्यायची. शिंदे 'एसएच'ने लिहा की नुसत्या 'एस'ने, संकेत एकच येतो, एस-५३०. इथवर ठीक. पण वाघ 'डब्ल्यू'ने लिहिला तर डब्ल्यू-२०० आणि 'व्ही'ने लिहिला तर व्ही-२००. पहिले अक्षरच फिरले की यंत्राच्या लेखी ती दोन वेगळी घराणी. वैद्य, वाणी, वर्तक, वाळिंबे, सगळ्यांची हीच अडचण. म्हणून जाणकार वकील सांगतात की पूर्ण नाव टाकू नका. आडनावाची पहिली दोन-तीन अक्षरे टाका, 'व' ('डब्ल्यू' किंवा 'व्ही') आणि 'ज' ('जे' किंवा 'झेड') दोन्ही तऱ्हांनी पाहा, नाव-आडनाव उलट करून पाहा. जन्मतारीख विचारली तर महिना आधी. ७ एप्रिलचा जन्म डेप्युटीच्या कागदावर ४ जुलैचा झालेला असू शकतो.

एवढे करूनही नाव नसेल, तर माणूस तुरुंगात नाही असा निष्कर्ष काढण्याची घाई करू नये. तो दुसऱ्याच यादीत असू शकतो.

अठरा वर्षांखालच्यांची नावे सहसा यादीत नसतात. गर्दी झाली की काउंटी आपले कैदी भाड्याने दुसरीकडे ठेवते. ह्यूस्टनच्या हॅरिस काउंटीने अलीकडच्या वर्षांत शेकडो कैदी लांबच्या गार्झा काउंटीत आणि चक्क शेजारच्या लुइझियाना राज्यातल्या खासगी तुरुंगात पाठवले. उलटही होते. काउंटीच्या बराकीत केंद्र सरकारचे कैदी पैसे मोजून ठेवलेले असतात, पण काउंटीच्या यादीत ते दिसतीलच असे नाही. केंद्राच्या कारागृह खात्याची १९८२ पासूनच्या कैद्यांची देशव्यापी यादी आहे, आणि ती चांगली चालते. मात्र खटला सुरू असलेला केंद्राचा कैदी असतो यूएस मार्शल्स या केंद्रीय दलाच्या ताब्यात, आणि तो त्या यादीत असेलच असेही नाही. मराठी वाचकांना न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासातल्या अधिकारी देवयानी खोब्रागडे यांचे २०१३ च्या डिसेंबरातले अटक प्रकरण आठवत असेल. गवगवा झाला तो 'न्यूयॉर्क पोलिसां'च्या नावाने. प्रत्यक्षात अटक केली परराष्ट्र खात्याच्या सुरक्षा शाखेने आणि ताबा गेला मार्शल्सकडे. शहराच्या तुरुंगाची यादी चाळणाऱ्याला तिथे काही मिळाले नसते.

परदेशी नागरिकाच्या बाबतीत सर्वांत फसवा शब्द म्हणजे यादीतले 'रिलीज्ड'. बुकिंगचे ठसे आपोआप केंद्राकडे जातात आणि इमिग्रेशन खाते, म्हणजे आइस, तपासून पाहते. तिला तो माणूस हवा असेल तर ती काउंटीला 'डिटेनर' पाठवते: सोडायच्या वेळेनंतर ४८ तासांपर्यंत धरून ठेवा, आम्ही येतो. टेक्सासमध्ये काउंटीने हे मानलेच पाहिजे असा २०१७ चा कायदा आहे. कॅलिफोर्नियात त्याच वर्षीच्या कायद्याने काउंटीचे हात बरेचसे बांधले. म्हणजे तोच माणूस, तोच किरकोळ गुन्हा, आणि पुढचे सगळे कुठल्या राज्यात पकडला त्यावर. घरच्यांनी जामीन भरला, यादीत 'रिलीज्ड' दिसले, मित्र गाडी घेऊन दाराशी थांबला, आणि बाहेर कोणी आलेच नाही. त्याला मागच्या दाराने आइसच्या गाडीत बसवलेले असते. आइसची शोधयंत्रणा वेगळी. तिथे ए-नंबर, म्हणजे इमिग्रेशन खात्याने परदेशी नागरिकाला दिलेला क्रमांक, आणि जन्मदेश लागतो. ए-नंबर नसेल तर नाव अक्षरन् अक्षर जुळावे लागते, आणि एफएनयूचा घोळ इथे पुन्हा उभा राहतो. नोंद चढायला वेळ लागतो, आणि तोवर माणूस टेक्सास किंवा लुइझियानातल्या स्थानबद्धता केंद्राच्या वाटेवर असू शकतो. जामीन भरण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला विचारा, हा सल्ला म्हणूनच दिला जातो. जामीन भरल्याने माणूस सुटण्याऐवजी हरवला, असे होऊ शकते.

यंत्रणा पूर्ण कोसळली तर काय होते ते २००५ साली न्यू ऑर्लिन्समध्ये दिसले. कतरिना वादळात ऑर्लिन्स पॅरिशच्या तुरुंगात सहा हजारांहून अधिक कैदी होते. पाणी चढल्यावर त्यांना काढले आणि राज्यभर विखुरले. हजारो जणांना आधी हंट कारागृहाच्या फुटबॉल मैदानावर उघड्यावर ठेवले होते. कागद भिजलेले, संगणक बंद, कोण कुठे गेला याची धड नोंद नाही. दारू पिऊन रस्त्यात गोंधळ घातला, दंड भरला नाही, असल्या किरकोळ कारणांवरून आत गेलेली माणसे काही महिने बाहेर आली नाहीत, कारण ती कुठे आहेत हेच वकिलांना ठाऊक नव्हते. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी आणि स्वयंसेवक वकिलांनी तुरुंगातुरुंगांत जाऊन हाताने याद्या केल्या.

आतापर्यंतचा प्रश्न होता: तो आत आहे का? याचा उलट प्रश्नही तितकाच तातडीचा असतो: तो अजून आत आहे ना? केंटकीतल्या लुईव्हिलमध्ये मेरी बायरन या तरुणीवर तिच्या आधीच्या मित्राने बलात्कार केला होता आणि तो तुरुंगात होता. तो जामिनावर सुटला. तिला कोणी कळवले नाही. डिसेंबर १९९३ मध्ये, तिच्या एकविसाव्या वाढदिवशी, त्याने तिला गोळ्या घातल्या. पुढच्या वर्षी त्याच काउंटीत 'व्हाइन' ही यंत्रणा सुरू झाली: कैद्याच्या नावावर आपला फोन नोंदवून ठेवायचा, तो सुटला किंवा हलवला की यंत्र स्वतः फोन करते. आज ती बहुतेक राज्यांत आहे. आणि शेकडो काउंट्यांच्या याद्या तिथे एकत्र पाहता येत असल्यामुळे, पीडितांसाठी उभारलेली ही व्यवस्था कैद्यांचे नातेवाईकही वापरतात. कुठलाच एक सरकारी नकाशा नसलेल्या या स्थानिक तुरुंगांच्या रानात देशव्यापी म्हणावी अशी जवळपास हीच एक गोष्ट, आणि तीही एका खासगी कंपनीने चालवलेली.

आता या वहीची दुसरी बाजू. ॲरिझोनातल्या मॅरिकोपा काउंटीचा शेरीफ जो अर्पायो याने कच्च्या कैद्यांवर कॅमेरे लावून ते दृश्य इंटरनेटवर सोडले होते. २००४ साली अपील न्यायालयाने, ही तर खटल्याआधीच दिलेली शिक्षा झाली, असे म्हणून ते अडवले. मग २०११ मध्ये त्याच कार्यालयाने अटक करून आणलेल्यांच्या फोटोंमधून 'आजचा मगशॉट' मतदानाने निवडण्याचा खेळ काढला. अर्पायो गेला, फोटो लावण्याची रीत राहिली, आणि २०२४ मध्ये त्याच न्यायालयाला त्याच काउंटीविरुद्ध, फोटो आणि जन्मतारखेसह नावे झळकवण्याबद्दलचा दावा पुढे चालू द्यावा लागला. मधल्या काळात खासगी मंडळींनी धंदा काढला: काउंट्यांच्या याद्यांवरून फोटो उचलायचे, आपल्या साइटवर टाकायचे, आणि काढून टाकायचे पैसे मागायचे. २०१८ मध्ये कॅलिफोर्नियाने अशाच एका साइटच्या चालकांवर खंडणीचे गुन्हे लावले.

सर्वांत बोलका खटला मात्र पेनसिल्व्हेनियातल्या बक्स काउंटीचा. एका माणसाला १९९८ साली अटक झाली, पुढे न्यायालयाने ती नोंद पुसून टाकण्याचा आदेश दिला. काही वर्षांनी काउंटीने कैदी शोधायची सोय इंटरनेटवर आणली आणि तिच्यात १९३८ पासून त्या तुरुंगात येऊन गेलेल्या सगळ्यांची माहिती ओतली, या माणसाच्या फोटोसह. २०१९ मध्ये ज्यूरीने सुमारे ६७ हजार लोकांना प्रत्येकी हजार डॉलर द्यावेत असा निकाल दिला. आत्ता, या क्षणी आत असलेला माणूस आईला सापडत नाही, आणि वीस वर्षांपूर्वी एक रात्र राहून गेलेला माणूस कोणाही घरमालकाला सापडतो. वहीची मुदत उलटी लागली आहे. माझे मत विचाराल तर नाव पहिल्या तासात चढावे आणि सुटकेनंतर लवकर उतरावे. फोटोची तर नातेवाइकाला गरजच नसते. न्यूयॉर्क आणि कॅलिफोर्निया यांनी फोटोंवर काही बंधने घातली आहेत. फ्लोरिडासारख्या राज्यांत उघड्या कारभाराच्या अभिमानापोटी सगळे खुले आहे, आणि तिथली पत्रकार मंडळी या खुलेपणाची बाजू घेतात तीही अगदीच निराधार नाही. बंद वहीत काय चालते ते होमन स्क्वेअरने दाखवले आहेच.

पुण्यात किंवा कोल्हापुरात बसलेल्या आईवडिलांच्या हातात काय असते? १९६३ च्या व्हिएन्ना कराराच्या छत्तिसाव्या कलमाने परदेशी कैद्याला आपल्या वकिलातीला कळवण्याचा हक्क आहे. पाकिस्तानच्या कैदेतल्या कुलभूषण जाधव यांच्या खटल्यात २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने पाकिस्तानला ज्यावरून दोषी धरले ते हेच कलम, आणि त्याच कलमावरून ते न्यायालय अमेरिकेविरुद्धही जर्मनी आणि मेक्सिकोच्या बाजूने बोललेले आहे. पण बारकावा असा: चीन, रशिया, ब्रिटन अशा काही देशांच्या नागरिकांबाबत अमेरिकी अधिकाऱ्याने वकिलातीला कळवलेच पाहिजे, भारत त्या यादीत नाही. भारतीय कैद्याला फक्त विचारायचे, आणि तो हो म्हणाला तर कळवायचे. लाजेने पुष्कळ जण नाही म्हणतात. घरच्यांनी मात्र आपण होऊन त्या भागाच्या भारतीय वाणिज्य दूतावासाला किंवा परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' या व्यवस्थेला लिहायला हरकत नसते. स्थानिक माहिती सर्वांत जलद मिळते ती बहुधा तुरुंगासमोर दुकान थाटलेल्या जामीनदाराकडे, कारण कोण आत आले हे पाहणे हाच त्याचा धंदा. इलिनॉयमध्ये तोही नाही, तिथे या धंद्याला आधीपासूनच बंदी आहे, आणि सप्टेंबर २०२३ पासून रोख जामीनही बंद झाला. आणि फोन लागला की जामिनाच्या आधी औषधांचे बोलावे. तुरुंगाच्या आरोग्य विभागाला इन्सुलिन, फिटची गोळी, नैराश्याचा इतिहास कोणीही कळवू शकते. तुरुंगातल्या मृत्यूंत आत्महत्येचा वाटा मोठा आहे आणि त्यांतल्या बऱ्याच पहिल्या काही दिवसांतच होतात.

एक सावधगिरी. मुलगा तुरुंगात आहे, ताबडतोब पैसे पाठवा, असा फोन आईवडिलांना आला तर तो खोटाही असू शकतो, आणि खोटा असूनही त्यातले सगळे तपशील खरे असू शकतात. बऱ्याच शेरीफांनी लोकांना बजावले आहे की भामटे त्यांच्याच उघड्या यादीवरून नाव, बुकिंग नंबर, आरोप आणि जामिनाची रक्कम वाचून घरच्यांना गाठतात. यादी दिवसभर चाळत बसणे हा त्यांचा धंदाच असतो. गिफ्ट कार्ड, क्रिप्टो किंवा फोनवरून पैसे पाठवण्याचे ॲप यांतून काउंट्या सहसा जामीन घेत नाहीत. फोन ठेवावा, काउंटीचा नंबर स्वतः शोधून परत फोन करावा, आणि त्या वेळी तिकडे रात्रीचे दोन वाजले असले तरी करावा. बुकिंगचे टेबल चोवीस तास उघडे असते.